ड्यूको, गेरू आणि गुलाबी झालेली मारुती

मंडळी, तुमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात एखादी गुलाबी मारुती ८०० उभी असेल, किंवा काही वर्षांपूर्वीपर्यंत तरी नक्की असेल. आरसी बुकात तिचा रंग लाल लिहिलेला. टपावर आणि बॉनेटवर गुलाबी, दारांवर विटकरी, आणि दार उघडलं की आतली चौकट मात्र अगदी कुंकवासारखी लाल. तिच्या शेजारी पांढरी ॲम्बॅसिडर असायची, तिला टेकून उभं राहिलं की पँटीला खडूसारखी पावडर लागायची. काळी फियाट राखाडी व्हायची. आणि त्या मानानं नव्या, म्हणजे पंधरा-वीस वर्षांच्या चंदेरी गाड्या बघा. त्यांच्या टपाचे चक्क पापुद्रे निघतात, उन्हात सोलवटलेल्या पाठीसारखे.

या चारही प्रकारांना आपल्याकडे निदान एकच: "कलर गेला." आणि औषधही एकच: "रबिंग-पॉलिश मारून घ्या." आमच्या धंद्यात 'रिस्टार्ट करून बघा' म्हणतात ना, तसंच हे. कधीकधी चालतं, आणि चालतं म्हणून पुढे कुणी काही विचारत नाही. खरं तर हे वेगवेगळ्या काळातल्या रसायनांचे वेगवेगळे आजार आहेत. त्यातल्या एकाला हे औषध छान लागू पडतं आणि दुसऱ्याला ते मारून टाकतं. कुठलं कुठं चालेल हे कळायला साधारण शंभर वर्षं मागे जावं लागतं. आज शनिवार आहे, बाहेर पाऊस आहे, जाऊया.

आधी एक छोटासा प्रयोग. जुन्या, भुरकट पडलेल्या एकरंगी गाडीच्या बॉनेटवर तांब्याभर पाणी ओता. पाणी असेपर्यंत मूळ रंग लखकन वर येतो, वाळलं की परत भुरकट. एसटीचे किंवा ट्रकचे ड्रायव्हर डिझेलचं फडकं मारून बस चमकवायचे, त्यातही हीच युक्ती. आता रंग खरंच 'गेला' असता तर पाण्यानं कुठून परत आला असता?

रंग म्हणजे दोन गोष्टी. एक रंगद्रव्य, म्हणजे ती बारीक भुकटी जिच्यामुळे लाल लाल दिसतो. दुसरी त्या भुकटीला धरून ठेवणारी राळ किंवा रेझिन. (थिनर उडून जातो, त्याला मोजू नका.) ऊन पहिला घाव घालतं ते राळेवर. सूर्याचे अतिनील किरण राळेच्या लांब साखळ्या तोडतात, तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो, त्यातून आणखी साखळ्या तुटतात. आगीत जे होतं तेच, फक्त ज्वाळा नाहीत आणि वेळ पंधरा-वीस वर्षांचा. वरचा थर झिजून सूक्ष्म खड्डे पडतात, उजेड त्यात सैरावैरा विखुरतो आणि डोळ्याला पांढुरका पडदा दिसतो. पाणी ते खड्डे भरतं, कारण प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत पाणी हवेपेक्षा राळेच्या बरंच जवळ आहे. पडदा गायब! म्हणजे रंगद्रव्य पुष्कळदा शाबूत असतं, बिचाऱ्याचं घर तेवढं पडलेलं असतं.

आता इतिहास. मोटारी आल्या तेव्हा त्या रंगवणारे लोक घोडागाड्या रंगवणारेच होते. जवसाचं तेल, त्यात रंगद्रव्य, वर वॉर्निशचे थर. एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात. एक गाडी रंगवायला दोन ते चार आठवडे. जवसाचं तेल वाळतं म्हणजे त्यातलं पाणी उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आठवड्याला चार गाड्या बनत होत्या तोवर ठीक होतं. फोर्डच्या कारखान्यात जेव्हा असेंब्ली लाइन धावायला लागली तेव्हा गाडी तासांत तयार आणि रंग आठवड्यांत, अशी अवस्था झाली. कुठलाही रंग मागा, तो काळा असला म्हणजे झालं, अशा अर्थाचं हेन्री फोर्डचं बोलणं सगळ्यांना माहीत असतं. पण १९०८ साली मॉडेल टी आली तेव्हा ती लाल, हिरवी, राखाडी अशी मिळायची. फक्त काळी मिळण्याचा काळ साधारण १९१४ ते १९२५. तो काळा रंग डांबराच्या जातीच्या खनिजापासून केलेला, भट्टीत भाजून पक्का करायचा. स्वस्त आणि टिकाऊ. दिसायला मात्र सगळ्या गाड्या एका आईच्या.

आणि इथे ड्यूको येतो.

ड्यूको हा शब्द ऐकला नाही असा पेंटर महाराष्ट्रात नसेल. फर्निचरवाला विचारतो, "साहेब, ड्यूको करायचा का मेलामाइन?" त्याला विचारलं ड्यूको म्हणजे काय, तर म्हणेल गननं मारतात तो. हे मूळ अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीचं नाव, आणि त्यातला माल आहे नायट्रोसेल्युलोज. म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारा पदार्थ. १८४६ च्या सुमारास श्योनबाइन नावाच्या जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञानं तो जाहीर केला आणि लोकांनी त्याचा पहिला उपयोग काय केला असेल? तोफा उडवायला. ड्यूपॉन्ट ही मुळात दारूगोळ्याची कंपनी. पहिल्या महायुद्धात तिनं बिनधुराची दारू अफाट प्रमाणात बनवली. १९१८ मध्ये युद्ध संपलं, आणि नायट्रोसेल्युलोज बनवायची एवढी यंत्रणा आता कशाला लावायची हा प्रश्न उरला. सिनेमाची फिल्म हे एक उत्तर होतं. न्यू जर्सीतल्या पार्लिन इथल्या कारखान्यात १९२० च्या जुलैमध्ये फिल्मवरच काम चालू असताना लक्षात आलं, की विशिष्ट परिस्थितीत हा चिकट द्राव पातळ होतो आणि तरी त्यात घन पदार्थ भरपूर राहतो. म्हणजे तो गननं फवारता येईल, त्यात रंगद्रव्य भरपूर मावेल, आणि मिनिटांत सुकेल.

दुसऱ्या बाजूला जनरल मोटर्सचा संशोधनप्रमुख चार्ल्स केटरिंग रंगाच्या आठवड्यांनी वैतागला होता. त्याची एक गोष्ट सांगतात. रंगवाल्यांच्या बैठकीत त्यानं विचारलं, वेळ किती कमी करता येईल? ते म्हणाले, फार तर चार-सहा दिवस वाचतील. हा म्हणाला, मला एका तासात हवंय. सगळे हसले. पुढे त्यातल्याच एकाला त्यानं जेवायला नेलं, आणि जेवण उरकून तो माणूस पार्किंगमध्ये स्वतःची गाडी शोधत राहिला, कारण तेवढ्या वेळात केटरिंगनं तिचा रंग बदलून ठेवला होता! गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे, पण आठवड्यांचं काम तासांवर आलं हे खरं. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर 'ट्रू ब्लू' नावाचा निळा ड्यूको आला आणि रस्त्यावर रंग आले. तीन-चार वर्षांत फोर्डला मॉडेल टी बंद करावी लागली. त्याची कारणं बरीच आहेत, पण रंग त्यातलं एक होतं असं मला वाटतं.

(जाता जाता: ड्यूपॉन्टकडे जनरल मोटर्सचे सुमारे २३ टक्के शेअर होते. त्या जोरावर रंग आणि कापड त्यांनाच विकलं जातं, असा सरकारचा आरोप होता आणि १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ड्यूपॉन्टच्या विरोधात निकाल दिला. आज ड्यूपॉन्ट या धंद्यात नाही, २०१३ मध्ये तो विकला गेला आणि त्याचं नाव ॲक्साल्टा झालं. ब्रिटिश साम्राज्यात ड्यूको विकणारी आयसीआय २००८ मध्ये ॲक्झोनोबेलनं घेतली. आईबाप दोघांनी हात झटकले, शब्द मात्र आपल्या सुताराच्या तोंडी राहिला. ऑस्ट्रेलियात तर गाडीच्या कुठल्याही रंगाला ड्यूको म्हणतात.)

आता ड्यूकोच्या दोन खोडी सांगतो, कारण आपल्या विषयाचं मूळ तिथंच आहे.

पहिली खोड: गनमधून निघालेला ड्यूको सुकला की त्याला चमक नसते. घासून, कंपाउंडनं रगडून ती आणावी लागते. कारखान्यात माणसं रांगेनं उभी राहून हेच करायची. म्हणजे 'रबिंग-पॉलिश' हा मुळात दुरुस्तीचा उपाय नव्हताच, तो रंगकामाचा शेवटचा टप्पा होता. जाड थर असायचा, तो घासायलाच दिलेला असायचा. चार वर्षांनी मंद झाला की परत घासा, खाली ताजा रंग आहेच. 'रबिंग मारलं की गाडी नवी' ही आपली श्रद्धा या काळातली आहे.

दुसरी खोड जास्त वाईट. नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ आतून अस्वस्थ असतो. ऊन आणि उष्णता लागली की तो हळूहळू स्वतःच सुटतो, सुटताना आम्लाच्या जातीचे वायू सोडतो, आणि ते वायू उरलेल्याला आणखी लवकर सोडवतात. त्याला लवचिक ठेवायला कापूर, एरंडेल अशा गोष्टी घालायचे, त्या वर्षांनुवर्षं उडून जात राहतात. मग रंग पिवळट होतो आणि त्यावर कोरड्या तळ्यासारख्या भेगा पडतात. याच पदार्थाच्या सिनेमाच्या फिल्म्सचं काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. २००३ च्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्म्सचा साठा जळाला आणि आपल्या जुन्या सिनेमाचा एक तुकडा कायमचा गेला. जुन्या ब्यूकच्या बॉनेटवरच्या भेगा आणि ती आग ही एकाच रसायनाची दोन टोकं आहेत. गाडीवर पातळ थर असतो, उघडी हवा असते, म्हणून फक्त भेगा.

१९३० च्या आसपास दुसरा मार्ग निघाला, अल्किड इनॅमल. अल्कोहोल आणि ॲसिड या दोन शब्दांची मोडतोड करून हे नाव केलंय. आपल्याकडे ज्याला सरसकट 'सिंथेटिक' म्हणतात तो हा, ग्रिलला लावतात तो. सुकल्यावर आपोआप चमकतो, घासायची गरज नाही, स्वस्त. यात परत तेल आलं, आणि हा पुन्हा जवसाच्या तेलासारखा हवेतला ऑक्सिजन घेऊन पक्का होतो.

आणि मला या सगळ्या विषयात सर्वात आवडलेली गोष्ट ही आहे. आपण म्हणतो की रंग आधी 'सुकला' आणि मग पंधरा वर्षांनी त्याचं 'ऑक्सिडेशन झालं'. अल्किडच्या बाबतीत ही दोन वेगळी कामं नाहीतच. सुकणं हेच ऑक्सिडेशन आहे. पहिल्या दिवशी ऑक्सिजन साखळ्या एकमेकींना बांधतो, थर घट्ट होतो, मालक खूश. पण ते काम थांबवणारं कुणी नसतं. पाचव्या वर्षी तेच चालू, थर कडक होतोय. पंधराव्या वर्षी तेच चालू, आता साखळ्या तुटताहेत. ज्या प्रोग्रॅमला थांबायची अट लिहिलेलीच नाही असा प्रोग्रॅम. कुठल्या दिवशी रंग सुकायचा थांबला आणि मरायला लागला हे सांगता यायचं नाही.

राळेचं झालं, आता भुकटीकडे वळू, म्हणजे गुलाबी मारुतीकडे.

लाल रंगाचे दोन घराणे आहेत. एक गेरूचं, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचं. गेटला लावायचा रेड ऑक्साइड, रांगोळीखाली सारवलेला गेरू, आणि अजिंठ्याच्या भिंतीवरचा तांबडा रंग, सगळे एकाच गोत्राचे. अजिंठ्यात अंधार आहे हे मान्य, पण गेरू भर उन्हातही वर्षानुवर्षं बदलत नाही. कारण साधं आहे, तो आधीच गंजलेला आहे. ऑक्सिजन त्याचं आणखी काय बिघडवणार? अडचण एवढीच की गेरूतून विटकरी, तपकिरी मिळतो, झगझगीत लाल मिळत नाही.

झगझगीत लाल दुसऱ्या घराण्याकडून, म्हणजे कार्बनी रंगद्रव्यांकडून येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोल्युडिन रेड आलं, स्वस्त आणि भडक. पूर्ण ताकदीनं वापरलं तर बरं टिकतं, पांढऱ्यात मिसळलं की उन्हात लवकर हार मानतं. या जातीच्या लालमध्ये किरण नुसती राळच तोडत नाहीत, रंग देणारा रेणूही तोडतात. म्हणजे पाणी ओतून रंग पूर्ण परत येत नाही, तो खरोखर गेलेला असतो. वर भुरकट राळेचा पडदा, खाली फिकटलेला लाल, दोन्ही मिळून गुलाबी. आपल्या एसटीला आपण लाडानं लाल डबा म्हणतो, पण जुन्या डब्यांच्या टपाखालच्या पट्टीत लालच्या किती छटा असायच्या ते आठवून बघा.

टिकाऊ भडक लाल मिळाला तो अपघातानं. १९७४ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये फार्नम नावाचे रसायनशास्त्रज्ञ भलताच रेणू बनवायला गेले, आणि हाती आली न विरघळणारी लाल भुकटी. सिबा-गायगी कंपनीनं त्यावर काम करून १९८६ च्या सुमारास ती बाजारात आणली. तिचं टोपणनाव 'फेरारी रेड'. निळ्याचं नशीब त्याआधीच उघडलं होतं. १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथ इथल्या कारखान्यात एका भांड्याच्या काचेच्या अस्तराला तडा गेला, आतलं लोखंड मिसळलं आणि निळसर खडे मिळाले. त्यातूनच १९३५ मध्ये तांबं वापरून केलेला थॅलो ब्लू आला. हा रेणू उन्हाला सहसा दाद देत नाही. जुन्या निळ्या गाड्या भुरकट होतात पण आकाशी होत नाहीत, त्याचं श्रेय त्या तड्याला.

पांढऱ्याची तऱ्हा उलटीच. टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः अजिबात उडत नाही, पण ते शेजाऱ्याला खातं. ऊन, दमट हवा आणि टायटॅनियम एकत्र आले की त्याच्या कणांच्या पृष्ठभागावर असे रेणू तयार होतात की आजूबाजूची राळ पोखरली जाते. कण मोकळे होऊन हाताला लागतात, हीच ती पँटीवरची पावडर. त्याच्या ॲनाटेज नावाच्या स्फटिकरूपात ही खोड जास्त, रुटाइलमध्ये कमी. म्हणून गाड्यांना रुटाइल, तेही कणांवर ॲल्युमिना-सिलिकाचं पांघरूण घालून. गंमत म्हणजे घरांच्या बाहेरच्या पांढऱ्या रंगात एकेकाळी ॲनाटेज मुद्दाम घालायचे, पाऊस आला की वरची पावडर धुऊन जाते आणि भिंत आपोआप स्वच्छ! दोषाला फीचर म्हणून विकणं आमच्याच धंद्यात सुरू झालं असं मला आजवर वाटत होतं :)

मग १९७० च्या दशकापासून आणि मुख्यतः १९८० च्या दशकात सगळा खेळ बदलला. मेटॅलिक रंगाची मागणी वाढली. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात, त्या उघड्या राहिल्या की काळवंडतात. म्हणून रंगाचा थर पातळ ठेवून त्यावर पारदर्शक लॅकरचा, म्हणजे क्लिअरकोटचा थर. क्लिअरमध्ये दोन पहारेकरी मिसळतात. एक अतिनील किरण स्वतः पिऊन त्यांची उष्णता करून टाकतो, दुसरा तुटलेल्या साखळ्यांची टोकं पकडून आग पुढे जाऊ देत नाही. पहिला हळूहळू खर्च होतो. तो संपला, किंवा वरचा थर घासून पातळ झाला, की किरण थेट खाली.

सुरुवातीला यात मोठी फजिती झाली. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही गाड्यांमध्ये खर्च वाचवायला मधला प्रायमरचा हात गाळला होता. सगळ्यात खालचा इपॉक्सीचा थर गंजापासून उत्तम वाचवतो, पण त्याला ऊन अजिबात सोसत नाही. वरच्या रंगातून झिरपलेल्या किरणांनी त्याची वरची कातडी भुसभुशीत झाली आणि वरचा सगळा रंग चादरीसारखा उडाला. लोक कोर्टात गेले.

आता तो औषधाचा प्रश्न. कारखान्यातून आलेल्या आजच्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, त्यातला क्लिअर ३५ ते ५०. आपला केस साधारण ७० मायक्रॉन. म्हणजे गाडीचं सगळं कवच अर्ध्या केसाएवढं, आणि एकदा जोरात कंपाउंड मारलं की त्यातले काही मायक्रॉन कायमचे गेले. दर दिवाळीला मशीननं रबिंग करून घेणारे लोक मला माहीत आहेत. चमक येते हो, पण ती मुदत ठेव मोडून आणलेली असते, आणि ड्यूकोच्या जाड थराचे दिवस आता नाहीत. पापुद्रे निघायला लागल्यावर तर पॉलिशचा काही उपयोगच नाही, घासायला तिथं काही उरलेलंच नसतं.

आपली गाडी कुठल्या जातीची हे ओळखणं सोपं आहे. कोपऱ्यात थोडं पॉलिश पांढऱ्या फडक्यावर घेऊन घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर एकाच थराचा जुना रंग. फडकं पांढरं राहिलं तर वर क्लिअर आहे, हात आखडता घ्या. (पांढऱ्या गाडीला काळं फडकं, हे सांगायला नको.)

हे सगळं मी शोधलं त्याचं निमित्त मामाची फियाट. १९७८ ची, म्हणजे कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, गडद निळी, कारखान्यातल्याच रंगात. मामा आता ऐंशीच्या घरात. गॅरेजवाला चांगला माणूस, हात सफाईदार, तो म्हणाला, "काका, पार पत्र्यापर्यंत काढू, पुट्टी-प्रायमर देऊन टू-के मारतो, आरशासारखी होईल." मामेभावाला पटलं होतं. मी म्हटलं, थांब जरा. पुन्हा रंगवता कधीही येईल, उद्या, दहा वर्षांनी. काढलेला रंग मात्र परत लावता येत नाही. त्या कारखान्यात त्या वर्षी काय मारत होते याचा पुरावा म्हणजे तो थर, आणि कुर्ल्याचा तो कारखाना आता नाही. मामी म्हणाली, "पुरावा कसला डोंबलाचा, लग्नाला गाडी न्यायची आहे." तिचंही खरं होतं. शेवटी दोन दिवस बसून आम्ही तिला तेलकट ग्लेझ पाजलं. भुसभुशीत राळ ते शोषून घेते. मग अगदी बारीक पॉलिशचा एकच हात, हातानं, मशीन नाही. फडकी निळी-निळी झाली. बॉनेटच्या मध्यभागी एक ताटाएवढा डाग तसाच राहिला, तिथं रंग फारच पातळ झालाय. तिथं घासू दिलं नाही. गाडी त्या डागासकट लग्नाला गेली.

त्या गॅरेजवाल्याबद्दलही लिहायला हवं. कारखान्यात क्लिअरकोट साधारण १४० अंशांच्या भट्टीत पक्का करतात. गॅरेजमध्ये भट्टी नसते, गाडीत सीट-वायरिंग असतं, म्हणून तिथं दोन डब्यांचा रंग: एकात रंग, दुसऱ्यात हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. (भोपाळचा वायू याच कुळातला, पण तो वेगळा.) त्याचा फवारा छातीत जात राहिला की एक दिवस दमा सुरू होतो, आणि एकदा शरीरानं वैर धरलं की पुढे अगदी थोडं आयसोसायनेटही सोसत नाही. गाड्यांवर फवारा मारणारे कामगार हा जगभर या दम्याचा ठरलेला बळी आहे. त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. आमच्या गॅरेजवाल्याच्या तोंडाला रुमाल होता, चौकोनी, घडी घातलेला. जुन्या गाडीचा रंग मशीननं घासताना उडणारी धूळ वेगळीच, त्यातल्या पिवळ्या-नारिंगी रंगांमध्ये शिसं असण्याची शक्यता दाट. आपल्याकडे शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. आता ओळखीतल्या कुणी गाडी रंगवायला टाकली की मी आधी मास्कचं विचारतो. लोक हसतात.

पिवळ्यावरून मुंबईची काळी-पिवळी आठवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. एखादी तरी जपून ठेवा अशी मागणी तेव्हा झाली. जपतील तेव्हा तिला नक्की नवाकोरा रंग मारतील, ही माझी भीती. पासिंगला नेण्याआधी टॅक्सीला दर वेळी हात मारला जायचा, तोही जुना न काढता. म्हणजे एखाद्या जुन्या टॅक्सीच्या टपावर थरावर थर असणार.

डेट्रॉइटच्या जुन्या कारखान्यांत रंगाच्या खोलीतल्या सांगाड्यांवर हजारो गाड्यांचे उडालेले फवारे साचून, भट्टीत पुन्हा पुन्हा भाजले जाऊन त्याचे दगड झाले. ते कापून पॉलिश केले की रंगीत वलयं दिसतात. त्याला फोर्डाइट म्हणतात आणि त्याचे दागिने विकले जातात. जुनी चित्रं आणि घरं सांभाळणारे तज्ज्ञ हेच जरा सभ्यपणे करतात: रुपयाएवढी जागा उतरत्या कडेनं बारीक पॉलिश पेपरनं घासतात, की सगळे थर वर्तुळांसारखे उघडे पडतात आणि मोजता येतात. कुणाकडे भंगारात गेलेल्या टॅक्सीचं टप असेल तर सांगा, मी आठशे नंबरचा पॉलिश पेपर आणि पाण्याची बाटली घेऊन येतो. मास्क माझा मी आणीन.